वासावरचं मीठ

नलिनीबाई परबांनी आयुष्यात कधी स्वयंपाक चाखला नाही. म्हणजे पानावर बसल्यावर चाखला, तो काय सगळेच चाखतात. चुलीवर असताना नाही. त्यांच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या, आणि त्यांचा नियम सोपा होता: पातेल्यातलं तोंडाला लावलं की अख्खं पातेलं उष्टं. मग ते देवाला दाखवायचं असो की मांजराला घालायचं असो. मीठ बघायचं ते वासावर. झाकण उचलायचं, वाफ नाकाशी घ्यायची, कमी-जास्त काय ते वाफच सांगते. जिला सांगत नाही तिने चहा करावा आणि गप्प बसावं. हे ऐकून हसणारे पुष्कळ होते, पण नलिनीबाईंना खरंच कळायचं. कांदिवलीच्या त्यांच्या सोसायटीत सत्यनारायणाचा शिरा असो की होळीचं पुरण, बायका पातेलं घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायच्या. नलिनीबाई नाक खाली करायच्या आणि सांगायच्या, "चिमूटभर घाल अजून."

फेब्रुवारीत चार दिवस ताप आला आणि ते नाक गेलं. चोंदलं नव्हतं, श्वास मोकळा होता, पण आत काहीच येत नव्हतं. उदबत्ती नाही, बोंबील नाही, फिनेल नाही. जिभेला खारट-आंबट तेवढं कळायचं, पण नलिनीबाई जेवायच्या सगळ्यांच्या शेवटी. तोवर जे व्हायचं ते सगळ्यांच्या ताटात होऊन गेलेलं असायचं.

त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला कारण दुसऱ्या मजल्यावरची पद्मजा. गेल्या वर्षी पद्मजाचं दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस तसाच चालू राहिला आणि ही बाहेर टीव्हीसमोर. जिन्यातून जाणाऱ्या कोणाला तरी वास आला म्हणून निभावलं. कोणाला काही झालं नाही, पण पुढच्या सोमवारपासून घरात स्वयंपाकाला बाई आली आणि पद्मजाचा चार वर्षांचा नातू स्टेशनजवळच्या पाळणाघरात जायला लागला. पद्मजा आता दिवसभर खिडकीत बसते. कोणी हाक मारली तर हसते, पण ते हसणं बघवत नाही.

स्वयंपाकघर सुटण्याचं नलिनीबाईंना एवढं काही वाटत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं केला स्वयंपाक, सुटला तर सुटला. त्यांचा जीव अडकला होता श्रुतिकात. दुपारी साडेबाराला शाळेची बस यायची, तिथपासून संध्याकाळी सातला सून श्वेता ऑफिसातून घरी येईपर्यंत नात त्यांची होती. आजीला गॅसचा वास येत नाही हे सुनेला कळलं, की नात पाळणाघरात. आणि यात सुनेचं काही चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं. आपण तिच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं, हे नलिनीबाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि तेच जास्त छळत होतं.

तर झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून त्या कामाला लागल्या. लसूण रंगावर बघायची, फोडणी कानावर, भात घड्याळावर. मिठाला एक ठरावीक चमचा, आणि मीठ घालून झालं की तो चमचा ओट्यावर पालथा ठेवायचा, म्हणजे घातलं की नाही याचा घोळ नको. गॅसची बटणं दहा-दहा वेळा बघायच्या. त्यात पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी श्वेताने स्वयंपाकघरात छताजवळ एक पांढरी डबी बसवून घेतली, तिचा हिरवा दिवा सारखा लुकलुकायचा. "नेटचं आहे आई, आत रेंज येत नाही," श्वेता म्हणाली. नलिनीबाईंना रेंजशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी डबीवरची धूळ पुसली आणि विषय सोडून दिला.

एकूण सोंग छान वठलं होतं. काशीरामांसारखा नवरा, ज्याने लग्नानंतरच्या पहिल्या आमटीपासून मिठावरून कुरकुर केली, तो पाडव्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. पाडव्याला तर खिरीची दुसरी वाटी मागून घेतली. मधे एकदा आमटी चांगलीच खारट झाली होती, नलिनीबाईंना स्वतःलाच शेवटी बसल्यावर कळलं, पण काशीराम गुपचूप जेवून उठले होते. म्हाताऱ्याची जीभ गेली, नलिनीबाई मनात म्हणाल्या, माझं नाक गेलं आणि ह्यांची जीभ गेली, जोडा शोभतो. शिवाय हल्ली स्वयंपाक चालू असला की ते पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच बसायचे. म्हातारपणी प्रेम उतू जातंय म्हणून त्यांनी तेही गोड मानून घेतलं.

आणि मग शनिवारी तो सॉस आला.

श्रुतिकाची तिसरीची परीक्षा संपली होती. सहा वाजता तिच्या चार मैत्रिणी यायच्या होत्या आणि आईने पिझ्झा कबूल केला होता. बेस, चीज, ढोबळी मिरची, सगळं आणून ठेवलेलं. सिद्धेशची, म्हणजे नलिनीबाईंच्या मुलाची, ड्युटी होती. श्वेताला शनिवार असून ऑफिसात बोलावलं होतं. ती पाचपर्यंत येऊन भाजायचं बघणार होती. साडेतीनला श्रुतिकाने फ्रिज उघडला आणि सॉसची बाटली हातात घेऊन उभी राहिली.

"आजी, याला दाढी आलीय."

बाटलीच्या तोंडाशी पांढरी बुरशी होती. श्वेताला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. घरपोच मागवायचं ते सगळं तिच्याच फोनवर. काशीराम थंडा आणायला म्हणून नुकतेच खाली उतरले होते आणि ते एकदा खाली गेले की कट्ट्यावरच्या मित्रांना भेटल्याशिवाय वर येत नसत.

"वाट लागली," श्रुतिका म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "अगं पण आजी, सॉस घरी होतो ना! एकदम सोपाय. टोमॅटो उकडायचे, सालं काढायची, किसायचे. मग तेलात लसूण, कांदा, आणि ते सगळं घालून आटवायचं. वरून ऑरेगॅनो. वीस मिनिटं फक्त!"

"ऑरेगॅनो कुठून आणू आता?"

श्रुतिकाने फडताळातून एक स्टीलचा डबा काढला. आजवर बाहेरून आलेल्या प्रत्येक पिझ्झ्याबरोबरच्या न फोडलेल्या पुड्या त्यात होत्या. फेकायचं काही नाही, हा नलिनीबाईंचाच दंडक. आता तोच अंगाशी आला होता.

नाही कसं म्हणणार? पण आमटीची फोडणी रंगावर निभावता येते, कारण ती हजारदा केलेली असते. हा पदार्थ आयुष्यात पहिल्यांदा करायचा, आणि तोही बिननाकाने. त्यांनी आठ टोमॅटोंना चिरा दिल्या, पातेल्यात पाणी घालून, वर झाकण टाकून मागच्या शेगडीवर ठेवले, उकडतानाच मीठ मुरावं म्हणून चमचाभर मीठ टाकलं आणि चमचा पालथा ठेवला. पुढच्या शेगडीवर कढईत तेल, बारीक चिरलेली भरपूर लसूण आणि मिरचीची एक पुडी. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण त्या कांदा चिरायला वळल्या. डोळ्यांना पाणी आलं, ते पदराने टिपलं, आणि तेवढ्यात बाहेरून श्रुतिका ओरडत आली.

"आजी! जळतंय! केवढा घाण वास!"

कढईत लसणीचे काळे तुकडे तडतडत होते. नलिनीबाई तिथून दोन हातांवर उभ्या होत्या. श्रुतिकाने नाकाला हात लावला आणि आजीकडे बघितलं.

"तुला वास नाही आला?"

"कांदा चिरत होते ना गं, नाक भरलंय," नलिनीबाई म्हणाल्या आणि पुढची शेगडी बंद करून कढई मोरीत नेली. आठ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलताना माणसाला जेवढी लाज वाटावी तेवढी वाटत होती. पाठ वळवून त्या कढई खरवडत राहिल्या. नळ सोडलेला, कढई घासल्याचा आवाज, त्यात मागच्या पातेल्यावरचं झाकण उडतंय हे कानांनीही सांगितलं नाही. पाणी उकळून उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅस सुटला तो सुटलाच.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम छताजवळून अशी कर्कश किंकाळी आली की कढई हातातून पडली. पांढऱ्या डबीचा दिवा लाल झाला होता.

"अगोबाई, नेट ओरडतंय!" नलिनीबाई म्हणाल्या.

श्रुतिका धावत आत आली. ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीवरच्या पाइपचा कॉक दोन्ही हातांनी धरून आडवा केला, ओट्यावर गुडघा टेकवून खिडकीची काच सरकवली. नलिनीबाईंचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला तेवढ्यात तिने तो घट्ट पकडला.

"बटणाला हात नाही लावायचा! चल बाहेर!"

आठ वर्षांची पोर साठी ओलांडलेल्या बाईला हाताला धरून जिन्यात घेऊन गेली. दार सताड उघडं, दोघी पायरीवर बसलेल्या. थोड्या वेळाने आतली किंकाळी थांबली.

"हे तुला कोणी शिकवलं?" नलिनीबाईंनी विचारलं.

"मम्मीने. कॉक आडवा, खिडकी उघडी, बटणाला हात नाही. आम्ही रविवारी प्रॅक्टिस करतो, तू देवळात गेलीस की." मग आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली. "सिक्रेट होतं ते."

"डबी नेटची नाही?"

श्रुतिकाने मान हलवली.

सून सगळं जाणून होती. आणि आज जे झालं ते ऐकल्यावर उद्यापासून काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पद्मजाची खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

अर्ध्या तासाने त्या आत आल्या. घरातली हवा बदलली आहे असं श्रुतिकाने चारदा खात्रीने सांगितलं, तेव्हाच त्यांनी गॅस पुन्हा लावला. मैत्रिणी तर यायच्याच होत्या. त्यांनी टोमॅटो सोलून किसले, नवी लसूण चिरली आणि ती सोनेरी होईपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही. कांदा, मग किसलेले टोमॅटो. श्रुतिका स्टुलावर बसून पुड्या फाडून देत होती. सॉस थोडा आंबट हवा, असं ती म्हणाली. टोमॅटो लांबट, जाड सालीचे, त्यांना आंबटपणा कुठला! नलिनीबाईंचा हात सवयीने आगळाच्या बाटलीकडे गेला. कोकमाचा मिठात मुरवलेला रस तो, गावाहून आलेला. दोन पळ्या पडल्या. मग चमचा दिसला. खिडकी उघडताना श्रुतिकाच्या गुडघ्याने तो खाली पडला होता आणि तिने उचलून सुलटा ठेवला होता. सुलटा चमचा म्हणजे मीठ राहिलं. नलिनीबाईंनी मीठ घातलं. डोकं ठिकाणावर असतं तर आगळात मीठ असतं हे मालवणी बाईला सांगायला लागलं नसतं. त्यांचे कान दाराकडे होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी श्वेता आली. चप्पल काढायच्या आत नलिनीबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून. मी लपवलं. आज टोमॅटोचं पाणी उतू गेलं, गॅस सुटला, मला कळलं नाही. ती डबी वाजली आणि श्रुतिकाने कॉक बंद केला. ती नसती तर... तुला काय करायचं ते कर. मी नाही म्हणणार नाही."

श्वेताने पर्स खाली ठेवली. आधी तिने मुलीला जवळ घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग ती खुर्चीवर बसली.

"पाडव्याला कळलं आई," ती म्हणाली. "खीर लागली होती. करपलेल्या दुधाचा वास पार लिफ्टपर्यंत होता आणि तुम्ही हौसेने सगळ्यांना वाढत होता. तुम्ही! ज्या बाईला दुसऱ्या मजल्यावरच्या शिऱ्यातलं मीठ कळतं, ती. मी सिद्धेशकडे बघितलं, त्याने बाबांकडे बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही स्वतःच म्हणाला असता, श्रुतिकाला पाळणाघरात घाल, माझा भरवसा नाही. म्हणाला असता की नाही?"

नलिनीबाई म्हणाल्या असत्या.

"मला ती तिकडे नकोय. मला ती तुमच्याकडे हवीय," श्वेता म्हणाली. "म्हणून डबी लावली, हिला शिकवलं. बाबांना सांगितलं, शेगडी चालू असताना दारातून हलायचं नाही. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते. माझंही चुकलं. आधीच बोलायला हवं होतं, आज भलतंच झालं असतं. सोमवारी नाकाच्या डॉक्टरकडे जाऊ, मी नंबर लावलाय. आणि यापुढे आपण दोघींपैकी कोणीही गुपचूप काही करायचं नाही."

"म्हणजे श्रुतिका..."

"श्रुतिका कुठे जात नाही. नवी शेगडी आणू, विझली की गॅस आपोआप बंद होतो तशी. तुम्ही कुठे जात नाही. आता रडू नका, सहाला पोरी येतायत."

पण नलिनीबाई रडल्याच. अडीच महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरत होता, त्याला एवढं पाणी लागणारच. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि पडल्यावर कळलं की तो इतके दिवस किती वर टांगलेला होता. श्रुतिकाने टिश्यू म्हणून पिझ्झ्याच्या डब्यातला कागदी रुमाल आणून दिला. तोही जपून ठेवलेलाच.

पिझ्झे तव्यावर, झाकण ठेवून भाजले. चार मैत्रिणी आल्या, आरडाओरडा झाला, सॉसला झकास म्हणून झालं. प्रत्येकीने तीन-तीन ग्लास पाणी संपवलं, पण खेळून आलेली पोरं, पाणी पिणारच, म्हणून नलिनीबाईंनी मनावर घेतलं नाही. मैत्रिणी गेल्यावर काशीराम वर आले, एका हातात थंड्याची बाटली आणि तोंडावर अपराधी भाव. कट्ट्यावर चार तास गेले होते. श्वेताने त्यांना झाला प्रकार सांगितला तेव्हा ते बायकोशेजारी येऊन बसले. तिच्या हातावर हात ठेवून बसून राहिले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, सुनेसमोर असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग नलिनीबाईंनी त्यांच्यापुढे पिझ्झ्याची बशी ठेवली. काशीरामांनी एक घास घेतला. चावता चावता थांबले. डोळे बारीक झाले. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"बोला बाबा," श्वेता म्हणाली. "आता मोकळीक आहे."

काशीरामांनी घास गिळला, वर ग्लासभर पाणी घेतलं आणि पाठ ताठ केली.

"खारट!" ते गरजले. "खारट बोंब झालो हा नलू, खावचो कसो माणसान? आणि पाडव्याची खीर लागलेली! तुझ्या सुनेन माका दम दिलेलो, तोंडातसून अक्षर काढूचा नाय. दोन वाटये गिळलंय मी! परवाचे बांगडे नासलेले, मी पोटात दुखता म्हणून उठलंय. आणि ती आमटी, रामनवमीची..."

"तुमची जीभ गेली असं वाटलं मला," नलिनीबाई म्हणाल्या.

"जीभ कशाक जातली? पाडव्यापासून दातांखाली धरून ठेवलंय!"

नलिनीबाई हसायला लागल्या. पदर तोंडाशी धरला तरी हसू आवरेना. श्वेता हसली, श्रुतिका काही कळो न कळो सोफ्यावर लोळून हसली. काशीराम मात्र हसले नाहीत. त्यांचा हिशेब फार साचला होता. ते आमटीवरून कढीवर आले, कढीवरून हिंगावर आले. नलिनीबाईंनी खुर्ची ओढली, त्यांच्या बशीतला पिझ्झ्याचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि त्याही ऐकत बसल्या. खारट होता खरा. पण त्या कुरकुरीसारखं गोड त्यांनी कित्येक दिवसांत काही ऐकलं नव्हतं.